बीड, पोलाद आणि न प्यायलेली कॉफी

बाबांच्या दुकानात शिरणारा माणूस सलाम घाईघाईत उरकतो आणि हातातली पिशवी पुढे करतो. "अबू जवाद, जरा बघा हो. ओरिजिनल आहे ना?"

सगळा जोर त्या शेवटच्या 'ना'वर. कोणी तो लाडीगोडीने काढतो, कोणी दम दिल्यासारखा, आणि बँकेतली मंडळी नाकातून काढतात. मला सगळे येतात. आईला हसवायचं असलं की मी जेवताना एकेक काढून दाखवते. बाबा मात्र हसत नाहीत. "हे लोक विचारायला येत नाहीत," ते म्हणतात, "माझ्याकडून हो म्हणवून घ्यायला येतात."

माझ्या बाबांचं नाव मिस्बाह. माझा भाऊ जवाद तिकडे इर्बिदला शिकतो, म्हणून सगळ्यांचे ते अबू जवाद, जवादचे वडील. अम्मानमधल्या बयादरच्या औद्योगिक वस्तीत, तिसऱ्या गल्लीत, त्यांचं लेथचं दुकान आहे आणि दुकानावर आमचं घर. सव्वीस वर्षं झाली, ते त्याच लेथसमोर त्याच जागी उभे राहतात. तिथली फरशी त्यांच्या बुटांच्या आकाराने झिजली आहे. धंदा साधा: झिजलेले शाफ्ट भरून परत घासायचे, इंजिनाची हेडं सपाट करायची. पण अम्मानच्या पोरांना जुन्या जपानी गाड्या पळवायचं वेड लागलं, स्वस्त रेसिंग पार्ट गल्लोगल्ली मिळायला लागले, आणि कधीतरी, कोणीतरी, पहिल्यांदा येऊन विचारलं. तेव्हापासून हा फुकटचा दवाखाना सुरू आहे. औषध नाही, नुसतं निदान. वर मरमिय्याची सुगंधी पानं घातलेला चहा आमचाच.

निदान करायची बाबांची पद्धत बघण्यासारखी आहे. स्टेनलेसचा म्हणून आणलेला सायलेन्सर आला की ते आमच्या फ्रिजवरचा, अकबाहून आणलेला माशाचा लोहचुंबक त्याला लावतात. मासा चिकटला, म्हणजे साधं लोखंड, की ते फक्त माशाकडे बोट दाखवतात. एकदा दोन मित्र दोन टर्बो घेऊन आले. टर्बोच्या आतली पंख्यासारखी चकती तोलात आणायला कारखान्यात तिला कुठे कुठे घासतात, तशा खुणा दोन्हींवर होत्या. मित्र खूश. बाबांनी दोन्ही शेजारी ठेवले. खुणा अगदी एकाच जागी, एकाच मापाच्या. "सख्ख्या जुळ्यांनासुद्धा तीळ एकाच जागी नसतात," बाबा म्हणाले. "यांनी तोल नाही साधला. खुणांची नक्कल केली."

"पण अबू जवाद, खोक्यावर होलोग्राम आहे!"

"मग खोकं लाव गाडीला."

असं बोलल्यावर माणूस आभार मानेल? तो रागावतो. दुकानदारावर नाही, बाबांवर. जणू पार्ट दुकानातून निघाला तेव्हा खरा होता आणि बाबांच्या तोंडाने तो नासला.

तर गेल्या वसंतात, एका शनिवारी, उसैद आला. बँकेत नोकरीला, म्हणजे नाकातला 'ना'. त्याने कापडातून एक फ्लायव्हील काढलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे फिरणारं हे चाक, जेवायच्या ताटाएवढं. ते जितकं हलकं तितकी गाडी चटकन उचलते, म्हणून शर्यतीवाली पोरं जड चाक काढून हलकं बसवतात. हे त्याने अबू सनदच्या नव्या दुकानातून आणलं होतं, 'जपानी, घडवलेलं पोलाद' म्हणून, आणि इतरत्र पडते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला.

बाबांनी ते दोरीला टांगलं आणि पान्याने हळूच वाजवलं. पोलाद असतं तर घंटेसारखं घुमलं असतं.

ठक्.

पुन्हा वाजवलं. ठक्. जसं कोणी बंद दाराआडून 'घरी नाहीत' म्हणावं.

शेजारी ग्राइंडर चालू होता म्हणून बाबा ओरडून बोलले, आणि तिथेच घात झाला. "डुप्लिकेट! हे बीड आहे, ओतलेलं लोखंड. बीड जाड असलं तर बिचारं जन्मभर टिकतं. ह्यांनी ते हलकं करायला पातळ केलंय. मिनिटाला सात हजार फेऱ्यांना फुटलं तर तुकडे कुठे जातील, माहीत आहे?" आणि त्यांनी पान्याने उसैदच्या बुटांकडे दाखवलं.

ग्राइंडरवाल्या पोराने हे मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर बाबांचा आवाज फिरत होता. रविवारी अबू सनदच्या दुकानात परत आलेल्या खोक्यांची रास लागली आणि सोमवारी गिऱ्हाईक औषधालाही उरलं नाही.

इथे एक सांगून टाकते. अबू सनद लबाड नाही. वीस वर्षं त्याने अकबाच्या रस्त्यावर ट्रक चालवला, साठवलेल्या पैशातून हे दुकान थाटलं. ज्याने माल दिला त्याने मुलांच्या शपथा घेतल्या होत्या, आणि अबू सनदला शपथेपुढे दुसरी परीक्षा माहीत नाही. तो फसवत नव्हता, फसला होता. पण हे त्याला सांगणार कोण? ज्याने सांगितलं त्याच्यावर तो जाहा, म्हणजे मन वळवायला निघालेली वडीलधारी मंडळी, घेऊन आला.

सोमवारी, दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर, चौदा माणसं आमच्या बैठकीत. पुढे हाज धियाब. लग्न असो, भांडण असो, गाडीने गाडीला घासलेलं असो, मन वळवायला जाणाऱ्या मंडळींच्या पुढे हाज धियाबच असतात. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे आणि प्रत्येक वाक्याआधी ते श्वास असा घेतात की समोरच्याला वाटावं आता भूक लागेपर्यंत थांबावं लागणार.

आमच्या बाजूने घरातले मोठे म्हणून हिकमत अम्मो, म्हणजे काका. बाबांचे थोरले भाऊ, निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. सोनेरी काठाचा झगा त्यांनी इस्त्री करून ठेवलेलाच असतो. सहा वर्षांत आमच्याकडे एकही जाहा आली नव्हती. त्या दिवशी ते आरशासमोर वीस मिनिटं होते.

कडू कॉफी आली. हाज धियाबांनी कप घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि खाली ठेवला. रीतच आहे. मागणी मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि पाहुणा न पिता गेला तर घराची मान खाली.

"उस्ताद हिकमत," श्वास, "आम्ही तुमच्या दारात," श्वास, "एक मागणं घेऊन,"

"प्या, हाज, कॉफी प्या!" हिकमत अम्मो उभे राहिले, झग्याचा काठ झळकला. "ज्यासाठी आलात ते तुमचं झालं!"

बाबांचा हात हवेत वर गेला होता. तो तसाच राहिला.

चौदा कप एकदम रिकामे झाले. मग मागणी कळली. अबू जवादने त्या चाकाबद्दल जे म्हटलं ते मागे घ्यावं आणि अबू सनदच्या मालाला पुन्हा तो शब्द लावू नये.

"हाज," बाबा म्हणाले, "मी अबू सनदला काही म्हटलं नव्हतं. लोखंडाला म्हटलं होतं."

"लोखंडाला इज्जत नसते रे बाळा. माणसाला असते."

"तेच तर म्हणतोय मी! लोखंडाला कुठे ठाऊक आहे जाहा आली ते? ते फुटायचं तेव्हा फुटणार."

"मिस्बाह," हिकमत अम्मो दातांच्या फटीतून म्हणाले, "शब्द दिलाय."

मग अबू सनद उठला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनी माणूस नको ते बोलतो. "बंधूंनो! माझ्या मालावर माझा किती भरवसा आहे, सांगू? तेच चाक मी माझ्या सनदच्या गाडीत बसवलंय! शुक्रवारी सकाळी डोंगरचढाईच्या शर्यतीत तो त्याच चाकावर चढणार! डुप्लिकेट असतं तर बाप पोटच्या पोराला देईल का?"

वाहवा, वाहवा. कुनाफाची, चीजच्या गरम मिठाईची परात आली. बाबांच्या ताटलीतल्या कुनाफाचं चीज गार होऊन रबर झालं.

पाहुणे गेल्यावर बाबा फुटलेच. "ऐकून घ्यायला काय झालं होतं तुला? दोन श्वास थांबला असतास!"

"ऐकून दिलं तर ती दुकानदारी," अम्मो झग्याची घडी घालत म्हणाले, "न ऐकता दिलं तर ती इज्जत."

"आणि त्या पोराचे पाय?"

"असतील नीट. इन्शाल्ला."

इन्शाल्लाच्या पुढे बाबा काय बोलणार?

मंगळवारी सकाळपासून गिऱ्हाइकं. एक जण त्याच दुकानातली ब्रेकची पाती घेऊन आला. "अबू जवाद, ओरिजिनल आहे ना?" बाबा गप्प. गिऱ्हाईक वाट बघतंय. बाबा लेथला तेल घालतायत. "म्हणजे ओरिजिनल!" म्हणून तो खुशीत गेला. दुसरा आला, बाबा पुन्हा गप्प, तोही खुशीत गेला. गप्प बसणं हे इतक्या मोठ्याने ऐकू जातं हे बाबांना सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं. तिकडे अबू सनद प्रत्येकाला सांगत होता, 'चौदा माणसांसमोर अबू जवादने शब्द मागे घेतला.' रविवारी परत आलेली खोकी दुपारपर्यंत पुन्हा बाहेर पडली. उसैदसुद्धा परत दिलेलं आपलं चाक पुन्हा घेऊन गेला.

बाबांनी आईच्या मामेभावाकरवी तिथूनच एक फ्लायव्हील मागवलं आणि लेथवर चढवलं. घडवलेल्या पोलादाला हत्यार लागलं की लांब वेटोळी निघतात, निळसर, हाताला चटका देणारी. बिडाची भुकटी पडते. ह्याची भुकटी पडली. बाबांनी ती वर्तमानपत्रात पुडी बांधली आणि स्वतः अबू सनदकडे नेली. शब्द लावायचा नव्हता, म्हणून नुसती पुडी काउंटरवर उघडली.

"हे काय, मिरपूड?"

बाबांनी त्याच्या फळीवरच्या फ्लायव्हीलकडे बोट दाखवलं.

"अबू जवाद, असली धूळ तुझ्या दुकानात फरशीवर रोज पडलेली असते. झाडून आणलीस. आणि समज त्यातलं एखादं असेलही बिघडलेलं. सनदचं चाक वेगळ्या खोक्यातलं आहे. विमानाने आलंय. कागद आहे त्याचा!"

"कागद वाजवून बघितलास?"

"तू शब्द दिलायस हं!"

बाबा परत आले ते लेथ न लावता स्टुलावर बसून राहिले. आईने विचारलं, "तुम्हाला नक्की माहीत आहे का, त्या पोराच्या चाकाचं?"

"नाही ना! कसं माहीत असणार? बघितलंच नाही मी ते. कदाचित पोलाद असेलही." त्यांनी डोकं धरलं. "सगळ्यांना माझ्या तोंडातून शब्द हवाय. कोणाला हो हवा, कोणाला गप्प हवा. पण एकाला, एका माणसाला तरी, बघायचंय का?"

ते वाक्य मी कधी कोणाला काढून दाखवलेलं नाही.

बुधवारी सकाळी हिकमत अम्मो आपणहून खाली आले. झगा हातावर. रात्रभर झोप नव्हती हे चेहऱ्यावर दिसत होतं. "मिस्बाह, मी घातलेली गाठ मीच सोडवतो. आपण त्यांच्याकडे जाहा नेऊ."

"कोणाविरुद्ध?"

"चाकाविरुद्ध."

माणसं गोळा करता करता घाम फुटला. ज्यांना शनिवारी बाबांचा आवाज इकडून तिकडे पाठवायला वेळ होता त्यांच्या सगळ्यांच्या सासूबाई बुधवारी आजारी होत्या. शेवटी सहा जण जमले, त्यातल्या दोघांना मधुमेह. अस्रनंतर आम्ही वादी अस-सीरच्या उतारावरच्या अबू सनदच्या घरी. पुरुष बैठकीत, मी आणि आई आतल्या खोलीत, सनदच्या आईपाशी. मधे फक्त पडदा. उम्म सनद खजुराच्या बिस्किटांची ताटली आमच्यापुढे सरकवत राहिली आणि मी पडद्याच्या बाजूची उशी पकडली.

कॉफी आली. अम्मोंनी कप घेतला, ओठांपर्यंत नेला, खाली ठेवला. ठणकन, म्हणजे पलीकडच्या घरालाही कळावं.

"अबू सनद, आम्ही एक मागणं घेऊन आलोय."

आता यजमानाने 'प्या, तुमचं झालं' म्हणायचं. अबू सनदने घसा खाकरला. "आधी ऐकू तरी."

सगळ्यांचे श्वास एकदम आत. 'आधी ऐकू!' हिकमत अम्मोंच्या जिवाला किती लागलं असेल.

बाबा बोलले. "एक कीस हवाय. सनदच्या गाडीतल्या चाकाचा. नखाएवढा. मी तोंडातून शब्द काढणार नाही. लेथवर लावायचं, हत्यार टेकवायचं आणि तू बघायचंस. बस."

"वेड लागलंय का? गिअरबॉक्स उतरवायला अर्धा दिवस, चढवायला अर्धा दिवस! परवा सकाळी शर्यत आहे!"

"म्हणून तर आज आलो."

"आणि कापल्यावर तोल गेला चाकाचा तर?"

"गोल फिरवून घेतलेला कीस सगळीकडून सारखा जातो, अबू सनद. तोल हलत नाही."

"नाही म्हणजे नाही!"

कॉफीवरची वाफ केव्हाच गेली होती. मधुमेहवाल्यांपैकी एक कुजबुजला, "निदान बिस्किट तरी खाता येतं का रीतीत?" दुसरा म्हणाला, "गप बैस."

आत उम्म सनदने मला हळूच विचारलं, "मुली, हे कीस, चाक, काय लावलंय? टायरचं म्हणतायत का?"

"टायर नाही, मावशी. आतलं चाक."

"आत म्हणजे कुठे?"

मी गादीवर दोन उशा मांडल्या. "ही सीट. हे सनदचे पाय, क्लचवर आणि ब्रेकवर. आणि हे," मी बिस्किटांची ताटली दोन पायांच्या पुढ्यात उभी धरली, "हे ते चाक. इथे फिरतं. मधे नुसता पत्रा."

"आणि ते फुटलं तर?"

मी तोंड उघडलं आणि बाबांचाच आवाज निघाला, शनिवारचा, ग्राइंडरवरून ओरडलेला, फक्त हळू. "तुकडे कुठे जातील, माहीत आहे?"

उम्म सनदने ताटली माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि उठून पडद्यापाशी गेली. बाहेर आली नाही. पडद्याआडूनच म्हणाली, "अबू सनद."

"काय आहे?"

"द्या म्हणा त्यांना काय हवं ते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"त्यातलं नाही कळत. पाय कळतात. ते मी केलेत."

बैठकीत कोणीतरी गुडघा खाजवला. मग अबू सनद म्हणाला, आणि बुडबुडा फुटावा तसा म्हणाला, "प्या. प्या कॉफी."

सहा जणांनी ती बर्फासारखी गार, कडू कॉफी एका घोटात संपवली. तोंडं अशी झाली होती की मला पडद्यातून डोळा बाहेर काढायचा मोह आवरला नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता सनद चाक घेऊन आला. पहाटेपासून गाडीखाली होता, कोपरापर्यंत काळा, तोंड फुगलेलं. "अम्मो, एवढं करून पोलाद निघालं ना, तर परत बसवायला तुम्ही यायचं."

"येईन. नाश्ता घेऊन येईन," बाबा म्हणाले.

अबू सनद दारात उभा, हाताची घडी. हिकमत अम्मो झगा न घालता आले होते. बाबांनी आधी पोलादाचा एक गज लेथवर लावला, हत्यार टेकवलं. निळं वेटोळं सुटलं, लांबच लांब, जमिनीपर्यंत. त्यांनी ते उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलं. मग गज काढून सनदचं चाक चढवलं, घट्ट केलं, लेथ सुरू केली आणि आपले हात सगळ्यांना दिसतील असे धरून हत्यार पुढे सरकवलं.

मी वर स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. मलाही मनातून पोलाद निघायला हवं होतं. खरंच.

भुकटी पडली. काळी, बारीक, खसखशीसारखी, कागदावर सांडत राहिली. एक वेटोळं नाही.

बाबांनी लेथ बंद केली. सनद भुकटीकडे बघत नव्हता. आपल्या बुटांकडे बघत होता.

"बोल आता," अबू सनद म्हणाला.

बाबा हात धुवायला लागले.

"अबू जवाद, बोल ना! काय आहे ते सांग!"

"मी शब्द दिलाय."

"मी सोडलं तुला त्यातून!"

"तू कोण सोडणारा? शब्द हाज धियाबला दिलाय. ते सकाळीच मक्केला, उमराहला गेले." बाबांनी टॉवेल खुंटीला लावला. त्यांच्या आवाजात आठवडाभराचा सगळा चोथा होता. "चौदा माणसं आणलीस मला गप्प करायला. आता तूच बोल. बघितलंयस तू."

अबू सनदने चिमूटभर भुकटी उचलली, बोटांत चोळली, वास घेतला. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. त्याला कळलं. "डुप्लिकेट," तो म्हणाला, इतकं हळू की मला ओठांवरून वाचावं लागलं. मग मोठ्याने, मुलाकडे बघत, "डुप्लिकेट आहे रे."

सनदने बापाच्या खांद्यावर काळा हात ठेवला. शर्टावर पंजा उमटला.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण बाबांनी विचारलं, "अशी किती गेली?"

पाच. अबू सनद आमच्या दुकानात स्टुलावर बसला आणि एकेकाला फोन लावायला लागला. जो शब्द त्याने बाबांना गिळायला लावला होता तो पाच वेळा त्याच्याच तोंडातून निघाला. चौघांनी शिव्या दिल्या आणि चाक काढायचं कबूल केलं. शिव्या ऐकताना तो मान डोलवत होता, बरोबर आहे, बरोबर आहे.

पाचवा उसैद. फोन स्पीकरवर होता.

"वा, अबू सनद! आता परत मागताय? कोणी जास्त पैसे देतंय वाटतं!"

"मुलाची शपथ, उसैद, ते बीड आहे!"

"सोमवारी मुलाच्याच शपथेवर जपानी होतं. उद्या सकाळी गाडी डोंगरावर चढवतोय मी. सनदच्या मागोमाग माझाच नंबर आहे."

बाबांनी फोन हिसकावला. "उसैद, मी अबू जवाद. काढ ते गाडीतून. आत्ता."

"अम्मो, तुम्ही? पण ओरिजिनल आहे ना?"

तोच नाकातला 'ना'. बाबांनी डोळे मिटले. हिकमत अम्मोंकडे पाहिलं. अम्मो भिंतीकडे बघायला लागले, म्हणजे त्यांच्या परीने त्यांनी शब्द सोडवला.

"डुप्लिकेट!" बाबा ओरडले. ग्राइंडर बंद होता, तरी. "डुप्लिकेट आहे, डुप्लिकेट, डुप्लिकेट!"

मग उसैद, अगदी शांत, बँकेच्या खिडकीतून बोलावा तसा, "अम्मो, शनिवारी म्हणालात डुप्लिकेट. सोमवारी चौदा जणांसमोर मागे घेतलंत. आज पुन्हा डुप्लिकेट. ह्यातला कुठला शब्द मी धरायचा, सांगा? काम आहे मला. मआ सलामा."

फोन बंद झाला. सव्वीस वर्षांत बाबांना असं कोणी म्हटलं नव्हतं. राग आला असता तर बरं, पण राग कुठे ठेवायचा ते त्यांना सापडत नव्हतं. उसैद काही चूक बोलला नव्हता.

मग ते जिन्यापाशी आले आणि वर बघून ओरडले, "बाबा!" आमच्याकडे बाप लेकरालाही बाबाच म्हणतो. "आईला सांग, थर्मास भर. कडू. आणि कप दे. सहा नको, तीन."

"कुठे निघालात?"

"उसैदच्या घरी. जाहा घेऊन."

"त्याच्याकडे कॉफी नसते, बाबा. तो पाकिटातली पावडर पितो दुधात घालून."

"म्हणून तर थर्मास. खाली ठेवायला कप तरी पाहिजे ना?"

आईने कॉफी केली. बाबांनी कागदाच्या एका पुडीत भुकटी बांधली, दुसरीत निळं वेटोळं. कापलेलं चाक अबू सनदने स्वतः उचलून पिकअपमध्ये ठेवलं. पुढच्या सीटवर तिघे दाटीवाटीने बसले: बाबा स्टिअरिंगवर, मधे हिकमत अम्मो, आणि खिडकीशी अबू सनद, खांद्यावर काळा पंजा आणि मांडीवर थर्मास.

"बोलणार कोण?" गाडी सुरू होता होता अम्मोंनी विचारलं.

"तू नाही," बाबा म्हणाले.

पिकअप गल्लीच्या तोंडाशी वळली, तेवढ्यात एक मुलगा पिशवी घेऊन आडवा आला, काच वाजवली. मला वरून ऐकू आलं नाही, पण त्याचं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडातलं शेवटचं अक्षर मी कुठूनही ओळखते.

बाबांनी काच खाली केली, काहीतरी एवढंसं म्हटलं आणि गेले. तो मुलगा नंतर दुकानाशी आला, वर माझ्याकडे बघून हाक मारली. "तुझे बाबा मला म्हणाले, 'येईपर्यंत थांब, आणि तोवर स्वतः वाजवून बघ.' कशाने वाजवायचं?"

मी त्याला खिडकीतून पाना टाकला.